शिंपल्यांचं तळघर

रविवारच्या पेपरात बारा जागांची यादी आली होती. शनिवार-रविवारला जोडून एखादी रजा टाकावी, गाडी काढावी आणि जिथे सहसा कोणी फिरकत नाही अशा जागी दोन दिवस काढावेत, असल्या हौशी लोकांसाठी. पहिली जागा कुत्र्यांची दफनभूमी होती, चौथी कुलपांचं संग्रहालय, आणि सातवी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रीथॉर्प गावातलं शिंपल्यांचं तळघर. त्याखाली छापलं होतं: ‘चाळीस फुटांचं भुयार, पुढे गोल खोली, आणि तसूभरही भिंत उघडी नाही. रोमन लोकांचं देऊळ? त्याहून जुनं? हे कुणी केलं, केव्हा केलं, कुणालाच ठाऊक नाही.’

मेव्हिसने चष्मा काढला, झग्याच्या टोकाला पुसला, परत लावला. वाक्य होतं तिथेच होतं.

“कुणालाच ठाऊक नाही म्हणे! डोंबल तुमचं,” ती टोस्टकडे बघून म्हणाली. “मला ठाऊक आहे की!”

ठाऊक नसायला काय झालं? तळघर बरोबर तिच्या पायाखाली होतं. स्वयंपाकघराची फरशी आणि त्या गोल खोलीचं छत यांत हातभर मातीचं अंतर. आणि त्या भिंतींवरचा एकेक शिंपला तिने स्वतः, या दोन हातांनी, चौदा हिवाळे मान मोडून बसवला होता.

कुणा श्रीमंताचं बर्फ साठवायचं भुयार होतं ते. वरचा बंगला पडला, त्या जागी साध्या लोकांची घरं उठली, भुयार तसंच राहिलं. मेव्हिस लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिथे कोळसा ठेवायचे. चौसष्टच्या नोव्हेंबरात भिंतीला ओल आली, गिलाव्याचे पोपडे पडायला लागले. लग्नाआधी ती तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतले मासे, उकडायच्या शेडमध्ये कामाला होती, तिथे मागच्या बाजूला शिंपल्यांचा हा डोंगर पडलेला असे. तिने दोन बादल्या भरून आणल्या, चुना कालवला, आणि दाराजवळची हातभर भिंत शिंपल्यांनी लिंपून काढली. ओल थांबावी एवढाच हेतू. ओल काही थांबली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील वर धरून बघितलं तर आपलंच काम तिला असं आवडलं की ती आणखी हातभर करायला बसली.

उन्हाळ्यात घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवायचे असत, तेव्हा पाठ टेकायला सवड नसे. हिवाळा तिचा. नवरा सिरिल बस चालवायचा, दुपारची पाळी. तो गेला की ही खाली. टोपीसारखे शंख मोठ्याकडून लहानाकडे लावायचे. कमानीपाशी वळण आलं की प्रत्येक शिंपला केसभर तिरका बसवायचा, नाहीतर ओळीला पोट येतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीनदा ओळीला पोट आलं, तीनदा उचकटून काढली, चौथ्यांदा जमली. पोरगा क्लाइव्ह पायरीवर बसून शिंपले निवडून द्यायचा. काळे एका बादलीत, पांढरे दुसऱ्या. सिरिल चौदा वर्षांत तीनदा खाली उतरला असेल. तेही जेवण कुठाय ते विचारायला.

“खाली मासे पुरतेस काय गं?” तो वरून ओरडायचा. “घरभर वास सुटलाय!”

मग अठ्ठ्याहत्तर साली गॅसचा माणूस आला.

आता ग्रीथॉर्पची एक खोड आहे. परक्या माणसाला थाप मारायची आणि चेहरा कोरा ठेवायचा. नव्या पाद्रीबुवांना एकदा सांगितलं की इथे बुधवारी भरती येत नाही, बिचारा तीन बुधवार वाळूत फिरायला गेला आणि तिन्ही वेळा कमरेपर्यंत भिजून आला, आणि सगळं गाव गंभीर चेहऱ्याने म्हणालं, “अरेरे, आज कशी काय आली बुवा?” थाप मारण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ती मध्येच फोडणारा मात्र इथे चोरापेक्षा वाईट.

तर गॅसचा माणूस नळी बघायला खाली गेला आणि पाच मिनिटांनी पांढराफटक होऊन वर आला. “साहेब, खाली... खाली काय आहे ते?”

सिरिल चहा ढवळत होता. त्याने मान वरसुद्धा केली नाही. “ते होय? आम्ही घर घेतलं तेव्हापासून आहे. रोमन असावं.” आणि मग हळूच मेव्हिसकडे बघून डोळा मारला.

मेव्हिस मोरीशी उभी होती. नखांत चुना होता तिच्या, आदल्या दिवशीचा. हसू असं आलं होतं पोटातून! पण ग्रीथॉर्पची पोर ती. तिने चेहरा कोरा ठेवला.

तिथेच चुकली. त्या एका चेहऱ्यापायी पुढची सेहेचाळीस वर्षं गेली. गॅसवाल्याने पबमध्ये सांगितलं, पबातून वर्तमानपत्रात गेलं, वर्तमानपत्रातून माणसं यायला लागली. सिरिलने तिकीट लावलं, बसची नोकरी सोडली. मेव्हिस म्हणाली, “अरे आता सांगून टाक की, पुरे झाली चेष्टा.” तर म्हणाला, “आता सांगितलं तर लोक खोटारडा म्हणतील मला. हा उन्हाळा जाऊ दे.” असे किती उन्हाळे गेले. शेवटी म्हणायला लागला, मी मेल्यावर सांग. तो मेला, त्यालाही सहा वर्षं झाली. गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. पण तेही एकेक करून गेले, आपापला कोरा चेहरा घेऊन.

आता मेव्हिस शहाऐंशी वर्षांची होती, आणि तिला एकच गोष्ट हवी होती. दारावर एक पाटी. मोठी नको, सोन्याची नको. मेव्हिस पोस्टलथवेट हिने केलं, एवढंच. मरायच्या आत.

क्लाइव्ह आणि त्याची बायको लोरेन दुपारी आले. लोरेनच्या हातात त्याच पेपरच्या चार प्रती. घर सिरिलने क्लाइव्हच्या नावावर केलं होतं, तळघरही तोच चालवायचा. मेव्हिस वर राहायची.

“सातवा नंबर, मेव्हिस!” लोरेन म्हणाली. “अख्ख्या देशात सातवा! फोन थांबतच नाहीये. मी टी-टॉवेल छापायला टाकलेत. वर लिहिलंय, ‘मला कुणी बनवलं?’”

“मी बनवलं,” मेव्हिस म्हणाली.

लोरेन हसली. क्लाइव्ह हसला नाही. त्याने मार्मलेडची बरणी उगाच फिरवली.

“आई, परत नको ना तेच.”

“परत म्हणजे? एकदा तरी झालंय का? क्लाइव्ह, तू पायरीवर बसून शिंपले निवडत होतास. मी तुला लाल कानटोपी घालायची, खाली गारठा म्हणून. आठवतं का नाही? खरं सांग.”

“आठवतं गं.”

“मग?”

“मग काय मग? लोक रोमन बघायला येतात, आई. आमची आई बघायला कोण येणार?” तो लगेच वरमला. “तसं नाही म्हणायचं मला. हा सीझन होऊ दे. ऑक्टोबरात पाटी लावतो, देवाशपथ.”

“तुझा बापही हेच म्हणायचा. त्याच्या ऑक्टोबरात चाळीस वर्षं गेली. माझ्याकडे तेवढी नाहीत.”

“मेव्हिस, तुम्ही आहात की अजून ठणठणीत,” लोरेन म्हणाली आणि भांडी पुसायच्या त्या टी-टॉवेलचा नमुना दाखवायला लागली.

ईस्टरच्या सोमवारी रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. रेनकोट, छत्र्या, कुत्री, चिप्सचे कागद. क्लाइव्हने अंगात करडा झगा घातला होता आणि हातात कंदील. खाली चांगले विजेचे दिवे होते, पण ते त्याने बंद ठेवले होते. मेव्हिस कठड्याला धरून धरून खाली उतरली आणि गोल खोलीत एका खुर्चीवर जाऊन बसली. तिला कुणी अडवलं नाही. कुणाचं घर होतं ते?

माणसं आत यायची आणि आवाज खाली जायचे त्यांचे. देवळात शिरल्यासारखे. एक पिवळ्या रेनकोटातली बाई भिंतीपाशी उभी राहिली, तळहात शिंपल्यांपासून बोटभर लांब धरून डोळे मिटले तिने. “काहीतरी जाणवतंय,” ती नवऱ्याला म्हणाली. “काहीतरी फार जुनं.”

“कमान जाणवत असेल,” मेव्हिस म्हणाली. “तिनं मला फार छळलं. तीनदा उचकटली मी ती.”

बाईने डोळे उघडले. “काय म्हणालात?”

“हे मी केलंय. सगळं. चौसष्ट ते अठ्ठ्याहत्तर.”

“हो का? किती छान!” बाई इतक्या गोड आवाजात म्हणाली की मेव्हिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान मूल चिखलाचा लाडू पुढे करतं ना, तेव्हा हाच आवाज काढतात. बाई नवऱ्याकडे वळली, नवऱ्याने मान हलवली, दोघं पुढे सरकली.

मेव्हिसने आणखी पाच-सहा जणांना सांगितलं. कोणी म्हणालं, वा आजी. एकाने तिच्या हातावर थोपटलं. मग भुयाराच्या तोंडाशी क्लाइव्हचा आवाज आला. तो पिवळ्या रेनकोटवालीशी बोलत होता, दबक्या आवाजात. पण ते भुयार. तिथे दबकं काही राहत नाही.

“मनावर घेऊ नका हं. आईचं वय झालंय. डोकं जरा... आहे ना? गेल्या आठवड्यात म्हणत होती, बंदराचा धक्काही मीच बांधला.”

“बिचारी,” बाई म्हणाली.

“काय करणार? आपलीच माणसं.”

धक्का! मेव्हिस आयुष्यात धक्क्याबद्दल असं काही बोलली नव्हती. नुसतं गप्प बसवलं असतं तर तिने गिळलं असतं. गिळायची सवयच होती. पण पोटच्या पोराने परक्या बाईसमोर तिला वेडी ठरवली, वर धक्क्याची फोडणी देऊन. मग ती उठली, जिना चढून वर गेली, टेबलाच्या खणातून लोण्याची सुरी काढली आणि परत खाली आली. दम लागला होता, पण आली.

दुपारी तीन वाजताच्या घोळक्यात तीसेक माणसं होती. क्लाइव्ह रोमन सैनिकांबद्दल सांगत होता. मेव्हिस त्याच्यासमोरून गेली आणि कमानीखाली पंख्याच्या आकाराचा एक मोठा शिंपला होता, तळव्याएवढा, त्याच्या कडेत तिने सुरी घातली.

“आई! काय करतेस? आई, हात लावू नको!”

“माझा हात आहे, कुठेही लावीन.”

तिला माहीत होतं सुरी कुठून घालायची. शिंपला अलगद सुटून तिच्या तळव्यात आला. खाली चुन्यात अक्षरं होती, ओला असताना केसांच्या पिनेने कोरलेली.

“वाचा,” ती जवळच्या एका दणकट माणसाला म्हणाली. तो लीड्स शहराचा होता, टोपीवरच्या नावावरून कळत होतं. “मोठ्यानं वाचा. माझा मुलगा म्हणतो मला डोकं नाही, तेव्हा तुम्हीच वाचा.”

त्याने मोबाइलचा दिवा धरला. “मे. पो. ९ फेब्रुवारी १९७१. बर्फ. क्लाइव्हला गोवर.”

कंदील क्लाइव्हच्या हातात होता, त्यामुळे त्याचा चेहरा सगळ्यांना स्पष्ट दिसत होता.

“दर मोठ्या शिंपल्याखाली आहे,” मेव्हिस म्हणाली. “दिवस लिहून ठेवायची मी. हा क्लाइव्ह. हाच. याला गोवर होता, वर निजवला होता, मध्ये मध्ये जाऊन बघून यायची. मे. पो. म्हणजे मेव्हिस पोस्टलथवेट. मी.”

ती थांबली. सेहेचाळीस वर्षांनी चेहऱ्यावर जे यायचं होतं ते येऊ दिलं तिने. आता हे लोक वळतील, भिंतींकडे बघतील आणि म्हणतील, बाई गं, एकटीने? या दोन हातांनी? कमान कशी वळवलीस? एवढंच तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. कमान कशी वळवलीस.

लीड्सवाल्याने मोबाइल खिशात टाकला. “म्हणजे हे रोमन नाहीच?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही आपलं... घरी बसल्या बसल्या?”

“चौदा हिवाळे.”

“हां,” तो म्हणाला. त्याने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं, सुतार फळी वाजवून बघतो तसं. घटकेपूर्वी हाच माणूस भिंतीला कोट लागू नये म्हणून अंग चोरून उभा होता.

मागून कोणीतरी म्हणालं, “माझ्या मावशीला असाच नाद होता. काड्यापेट्यांचा.” दोघं-चौघं हसली. आवाज परत मोठे झाले. एकाने कुत्र्याला हाक मारली, एकीने विचारलं, इथे जवळ चहा कुठे मिळेल. आणि एका म्हाताऱ्याने, बोलायला अगदी सभ्य, क्लाइव्हला विचारलं, “माफ करा, पण तिकिटाचे पैसे परत मिळतील ना?”

शिंपले तेच. ओळी त्याच, कमान तीच. ते करणारी बाई पुढे आली आणि सगळं फुकट गेलं. मेव्हिस शिंपला हातात धरून उभी राहिली, आणि माणसं तिला वळसा घालून, “सॉरी हं, सॉरी,” म्हणत बाहेर पडली.

त्यानंतर आठ दिवसांत इंटरनेटवर लोकांनी काय काय लिहिलं ते लोरेनने एकेक वाचून दाखवलं. फसवणूक. दीडशे मैल गाडी हाकली आणि बघितलं काय, तर कुणा बाईचं हस्तकाम. पेपरने तीन आठवड्यांनी कुठल्याशा आतल्या पानावर दोन ओळींत दिलगिरी छापली. टी-टॉवेलचे गठ्ठे जिन्याखाली पडले. रांग सोडा, दारावरची घंटासुद्धा वाजेना.

गावानेही तोंड फिरवलं. खाटकाच्या दुकानात डोरीन भेटली. शेडमध्ये दोघी शेजारी शेजारी बसून तिसऱ्या उकडायच्या, सतरा वर्षांच्या असताना. मेव्हिसला वाटलं, ही तरी म्हणेल, बरं केलंस. कारण डोरीन स्वतः कितीदा बादल्या उचलायला आली होती.

“तुला गप्प बसता आलं नाही ना?” डोरीन म्हणाली. “माझा नातू त्या रांगेवर आइस्क्रीम विकत होता.”

“डोरीन, अगं ते मी केलं होतं. तुला माहितीये.”

“मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आणखी कुणाला कळायला हवं होतं तुला?” तिने किडन्यांची पुडी पिशवीत टाकली. “आम्ही सेहेचाळीस वर्षं चेहरा कोरा ठेवला तुझ्यासाठी. तुला एक दिवस नाही ठेवता आला?”

माझ्यासाठी? मेव्हिसला विचारायचं होतं, माझ्यासाठी कधीपासून? पण डोरीन निघून गेली होती आणि खाटीक विचारत होता, काय देऊ.

जूनमध्ये क्लाइव्ह एकटाच आला. येऊन बसला, मान खाली घालून. खराब दिसत होता. मेव्हिसने त्याच्याशी दोन महिने धड बोलणं टाकलं होतं, पण पोर ते पोर. तिने चहा टाकला.

“आई, मी त्या दिवशी जे बोललो...”

“धक्क्याबद्दल?”

“हो. घाणेरडं बोललो.”

“घाणेरडंच.”

“मी पाटी लावतो,” क्लाइव्ह म्हणाला. “तुझ्या नावाची. ऑक्टोबर नाही, आत्ता. मोठी, दारावर. जागेचं नावच बदलून टाकतो. मेव्हिसचं तळघर. चालेल?”

मेव्हिसने किटली उचलली, परत ठेवली. “खोटं नाही ना बोलत?”

“देवाशपथ. मजकूर वगैरे आमच्यावर सोड. तू फक्त जुलैच्या पहिल्या शनिवारी खाली ये, छान कपडे करून.”

त्याच वेळी विचारायला हवं होतं, मजकूर म्हणजे काय. एका नावाला मजकूर किती लागतो? पण माणूस इतकी वर्षं उपाशी असला की ताटात काय वाढलंय ते बघत नाही. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, टक्कल पडलेल्या डोक्यावरून. शुक्रवारी चहाबरोबर खायच्या स्कोनचे दोन घाणे भाजले. लग्नातला निळा ब्रोच काढून घासला. लोरेनने केस सेट करून दिले तिचे, आणि बोलता बोलता म्हणाली, “मेव्हिस, एक कराल? उद्या लोक असतील तेव्हा फार बोलू नका. थकता तुम्ही.”

शनिवारी ऊन पडलं होतं. दारावर पाटी होती, खरंच मोठी, निळी, पांढऱ्या अक्षरांची. वर ‘मेव्हिसचं तळघर’. तेवढं वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे खालचं वाचायला वेळ लागला.

‘मेव्हिस (१९३८–१९७८). तिचा प्रियकर तिसऱ्या वेचायला वाळूत गेला आणि भरतीत बुडाला. लग्नाला नऊ दिवस होते. मेव्हिस पुन्हा कधी कुणाशी बोलली नाही. तिने या अंधारात उतरून, त्याला गिळणाऱ्या समुद्राचे शिंपले एकेक करून भिंतीला लावले. चौदा वर्षांनी शेवटचा शिंपला लावला आणि इथेच प्राण सोडला.’

तिने पुन्हा वाचलं. अठ्ठ्याहत्तर. मेले मी.

“क्लाइव्ह.”

“आई, ऐक, आधी ऐकून घे...”

“मेले मी?”

“अगं, ती तू नाहीस. पोस्टलथवेट घातलंय का कुठे? नाव तुझं, गोष्ट आपली अशीच. लोकांना गोष्ट लागते. नुसतं एका बाईने ओल आली म्हणून भिंत लिंपली, याला कोण येणार? तूच बघितलंस ना कोण थांबलं ते. हे नाही केलं तर घर विकावं लागेल, तुला कुठल्यातरी वृद्धाश्रमात... नाव हवं होतं ना तुला? लावलं की नाव!”

“तुझ्या बापाचं काय केलंस?”

“बाबांना काढलंय. बुडाला तो दुसरा.”

मेव्हिस खाली उतरली. कमानीखाली तिने काढलेल्या शिंपल्याच्या जागी काच बसवली होती, आत छोटा दिवा. चुना खरवडलेला होता. वरची आद्याक्षरं गेली होती, तारीख गेली होती, गोवर गेला होता. उरलं होतं, ‘बर्फ. क्लाइव्ह.’ काचेखाली पितळी पट्टी: ‘तिच्या प्रियकराचं नाव.’

रागाने भिंतीवर मूठ मारावी, ओरडावं, असं तिला झालं. पण कुणावर ओरडणार? ज्याला गोवर झाला होता तो वर झेंडे लावत होता.

माणसं परत आली. आधीपेक्षा जास्त. कुठल्याशा दुसऱ्या पेपरच्या यादीत तिसरा नंबर लागला, हृदय पिळवटणाऱ्या जागांच्या यादीत. गॅसवाल्याची, पाद्रीबुवांची, रोमनांची थाप मागे पडली. ही थाप आता परक्यांनाच नव्हे, गावालाही पटायला लागली. डोरीनचा नातू आइस्क्रीम विकताना ती गोष्ट सांगायचा आणि स्वतःच हळवा व्हायचा. लोक येताना फुलं आणायचे, चिठ्ठ्या आणायचे, आणि गोल खोलीत भिंतीशी ठेवून जायचे. क्लाइव्हने आईला विनवलं होतं की दिवसा खाली येऊ नको, आलीस तर बोलू नको.

ती यायची. बोलायची नाही. चिठ्ठ्या वाचायची. ‘मेव्हिस, तुझं दुःख मला कळतं.’ ‘मेव्हिस, आता तुम्ही दोघं एकत्र असाल.’ ‘मेव्हिस, माझाही नवरा गेला.’ शंभरेक चिठ्ठ्या वाचल्या असतील तिने. टोपीचे शंख मोठ्याकडून लहानाकडे किती बेताने लावलेत, याबद्दल एकीतही अक्षर नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी एक तरुण बाई एकटीच आत होती. लांब गळपट्टा, हातात पांढरी फुलं. पाटीचा सगळा मजकूर तिथे आतही लावला होता. तो वाचून ती रडली होती, नाक लाल झालं होतं. मेव्हिस कमानीखाली उभी होती.

“केवढं प्रेम,” ती बाई मेव्हिसला म्हणाली. “तुम्ही इथल्याच ना? तुम्ही बघितलं होतं का तिला?”

बोलायचं नाही असं मेव्हिसने कुणालाच कबूल केलं नव्हतं, क्लाइव्ह तसं धरून चालला होता.

“बघितलं होतं की. चांगली धडधाकट होती. बडबडी. तिचं कोणी बुडालं नव्हतं. नवरा होता, बस चालवायचा. पोरगा होता.”

“मग हे?” बाईने भिंतींकडे हात केला.

“हे तिला आवडायचं. करायला. ओळ सरळ आली की इतका आनंद व्हायचा तिला, की जेवायचं विसरायची. बस. एवढंच होतं.”

त्या बाईने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. रागावली नाही, हसलीही नाही. “नाही हो आजी,” ती हळूच म्हणाली, जणू मेव्हिसलाच धीर देत होती. “नुसतं आवडतं म्हणून कोणी एवढं करत नाही.”

मग तिने फुलं भिंतीशी ठेवली, दोन पावलं मागे सरकून मोबाइल वर धरला आणि थांबली.

“आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय तुम्ही.”

“माफ करा हं,” मेव्हिस म्हणाली आणि बाजूला झाली.